आज्ञापत्र : अंकुश कोणाच्या हातीं?

राज्य एका हातीं असलें म्हणजे धोरण चटकन् बदलतां येतें, आणि तें अनेकांच्या हातीं गेलें म्हणजे प्रत्येक प्रश्नाचें घोंगडें भिजत पडतें, असें मत आपल्या सुशिक्षित वर्गांत वारंवार ऐकूं येतें. एखादा पूल वर्षानुवर्षें अर्धवट राहिला, एखाद्या योजनेचे कागद या कचेरींतून त्या कचेरींत फिरत राहिले, कीं घरच्या बैठकींत कोणी तरी म्हणतोच, "एकदां कोणी खमका माणूस पाहिजे, चर्चा पुरे झाली!" हें मत केवळ उतावळेपणाचें म्हणून उडवून लावणें बरोबर होणार नाहीं. परिस्थिति बदलली असतां राज्याचें धोरणही बदललें पाहिजे, आणि तें वेळेवर बदललें पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. प्रश्न इतकाच कीं, वेळेवर बदलण्याची ही शक्ति राज्याच्या अंगीं येते कोठून?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं परकी ग्रंथकारांच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं. राजनीतीवरील एक उत्कृष्ट ग्रंथ मराठींत तीनशें वर्षांपासून आहे. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतीच्या नांवें १७१५-१६ च्या सुमारास लिहिलें गेलेलें 'आज्ञापत्र' हा तो ग्रंथ होय. परंपरेनें त्याचें कर्तृत्व रामचंद्रपंत अमात्य यांच्याकडे जातें. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत बसलेले, संभाजीमहाराजांची कारकीर्द व तिचा शेवट पाहिलेले, राजाराममहाराज जिंजीस असतां 'हुकुमतपनाह' या पदवीनें महाराष्ट्राचा कारभार सांभाळलेले असे हे गृहस्थ. इतक्या राजवटींचा अनुभव एका लेखणींत उतरल्याचीं उदाहरणें थोडींच सांपडतील.

गद्य म्हणून या ग्रंथाची योग्यता मोठी आहे. बखरींतून जो अतिशयोक्तीचा व अद्भुताचा सोस आढळतो, तो येथें नाहीं. ग्रंथकार विधान करितो आणि लागलीच त्याचें कारण देतो. दुर्गप्रकरणच पाहा. गड बांधण्यापूर्वीं तेथें पाणी आहे कीं नाहीं हें पाहावें. गडास एकच दरवाजा असणें हा दोष समजावा. म्हणून जास्त दरवाजे व चोरदिंड्या ठेवाव्या, असें तो बजावतो. हा उपदेश पुस्तकी नव्हे. ज्यानें वेढ्याचे दिवस काढले आहेत त्याचीच ही भाषा आहे. साहुकारांविषयीं, वतनदारांविषयीं, टोपीकर व्यापाऱ्यांविषयीं तो जें सांगतो त्यासही हाच अनुभवाचा भार आहे.

परंतु आमच्या मतें ग्रंथाचें मर्म आरमाराच्या प्रकरणांतील झाडांविषयींच्या मजकुरांत आहे. आरमारास लांकूड पाहिजे. राज्यांत सागवान, शिसव आहे, तें हुजूरची परवानगी घेऊन तोडावें. कमी पडल्यास परमुलुखांतून विकत आणावें. पण आंबा, फणस यांसारखीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं नये. कारण रयतेनें तीं वर्षानुवर्षें पोटच्या लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं असतां तिच्या दुःखास पारावार राहत नाहीं. अगदीं जीर्ण झालेलें झाड असेल, तर धन्यास राजी करून, त्याचें मोल देऊन मगच न्यावें. हा उतारा राज्यकर्त्याच्या दयाबुद्धीचा नमुना म्हणून वाखाणला जातो. आजकाल वृक्षप्रेमाचा दाखला म्हणूनही तो पुढें करितात. आम्हांस त्यांतील मुद्दा याहून अधिक कणखर वाटतो. राज्याची गरज खोटी आहे असें ग्रंथकार म्हणत नाहीं. जंजिऱ्याच्या सिद्दीशीं झुंजणाऱ्या राज्यास आरमाराची गरज खरीच होती. त्याचें म्हणणें असें कीं, गरज खरी असली तरी ज्याच्या कष्टांवर ती भागवावयाची, त्याची राजीखुशी व त्याचें मोल हीं दोन्ही आधीं आलीं पाहिजेत.

आतां हा नियम पाळला जातो कीं नाहीं, हें पाहणार कोण? येथें ग्रंथाची मर्यादा लागते. राजा उन्मत्त झाला तर त्यास आवरणारा प्रधान पाहिजे, हत्तीस जसा अंकुश तसा राजास प्रधान, अशी आज्ञापत्राची शिकवण आहे. शिकवण चांगली आहे. पण प्रधानाची नेमणूक राजाच करितो, आणि त्यास दूरही राजाच करितो. म्हणजे अंकुश दिला तो हत्तीच्याच सोंडेंत. ग्रंथाचें बाह्य रूपही हेंच सांगतें. अनुभव अमात्याचा, विचार अमात्याचा. पण तो अमात्याच्या नांवें राजास केलेला उपदेश म्हणून येत नाहीं. तो राजाची आज्ञा होऊन, राजाच्याच मुखानें बाहेर पडतो. ज्या राज्यपद्धतींत थोरांतल्या थोर प्रधानासही सत्य सांगण्यासाठीं धन्याचा मुखवटा घ्यावा लागतो, तेथें आंब्याच्या धन्यानें आपलें गाऱ्हाणें कोणत्या नांवानें सांगावें?

एकतंत्री राज्य धोरण बदलूं शकत नाहीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. वतनांचा इतिहास याची साक्ष देतो. नवीं वतनें व जहागिरी तोडून देऊं नयेत, वतनदारांस धाकांत ठेवावें, असें शिवछत्रपतींचें धोरण होतें. १६८९ सालीं संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि औरंगजेब वतनांची लालूच दाखवून मराठे सरदार फोडूं लागला. तेव्हां राजाराममहाराजांच्या कारभाऱ्यांनींही वतनें देण्यास सुरुवात केली. हा बदल त्वरित झाला, आणि तो केला नसता तर राज्य राहिलें नसतें, असेंही म्हणतां येईल. पण तोच बदल पुढें मराठी राज्याच्या हाडीं खिळला. वतनदार म्हणजे आपापल्या मुलुखाचे लहान लहान राजेच होत, त्यांस माया व दंड या दोहोंमध्यें ठेवावें, असा इशारा आज्ञापत्रकार देतो, त्यामागें हा इतिहास आहे. संकटांत दिलेलें संकट टळल्यावर परत घेतां आलें नाहीं. कारण मागें वळण्याचा ठराविक मार्गच नव्हता. वळावयाचें तर माणूस बदलावा लागे, आणि माणूस बदलण्याची रीत कोणती, हें खुद्द या ग्रंथाच्या जन्मकाळींच दिसून आलें. १७१४ सालीं पन्हाळ्यावर ताराबाई व तिचा पुत्र शिवाजी यांस कैदेंत टाकून हा संभाजी गादीवर आला. एका दरवाजाचा गड सदोष असें सांगणारा ग्रंथ एका दरवाजाच्या राज्यांत लिहिला गेला होता!

कोणी म्हणेल, ही तीनशें वर्षांपूर्वींची गोष्ट. आजचें एकतंत्र शास्त्रशुद्ध आहे, आंकडेवारीवर चालणारें आहे. या आक्षेपासाठीं चीन देशाकडे पाहणें अवश्य आहे, कारण त्वरित निर्णयाचें उदाहरण म्हणून आपल्याकडे हल्लीं त्याच देशाचें नांव घेतलें जातें. १९५८ सालीं माओनें 'मोठी झेप' पुकारली. शेती सामुदायिक झाली, गांवोगांव पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, आणि खालच्या अधिकाऱ्यांनीं वरिष्ठांस आवडतील असे पिकांचे फुगविलेले आंकडे वर पाठविले. १९५९ च्या उन्हाळ्यांत लुशान येथील बैठकीच्या वेळीं संरक्षणमंत्री पेंग देहुआय यानें माओस एक खासगी पत्र लिहून या चुका दाखविल्या. आज्ञापत्रांतील प्रधानानें जें करावयाचें तेंच त्यानें केलें. फळ असें मिळालें कीं, त्याचें मंत्रिपद गेलें, त्याची बाजू घेणारे दंडिले गेले, आणि धोरण सुधारण्याऐवजीं अधिकच ताणलें गेलें. पुढील दोन वर्षांत कोट्यवधि माणसें भुकेनें मेलीं. पेंगची शिक्षा पाहिल्यावर खरा आंकडा वर पाठविण्याची छाती कोणास होणार?

त्याच देशाचें उलट उदाहरणही दिलें पाहिजे, नाहीं तर टीका एकांगी होईल. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतांतील शियाओगांग गांवच्या अठरा कुटुंबांनीं सामुदायिक जमीन आपापसांत वांटून घेण्याचा गुप्त करार केला व त्यावर अंगठे उठविले. आपल्या पुढाऱ्यांस तुरुंग झाला तर त्यांचीं मुलें आम्ही वाढवूं, असेंही त्यांत लिहिलें होतें. पीक वाढलें, प्रांताच्या अधिकाऱ्यांनीं डोळेझांक केली, आणि तीच पद्धति पुढें देशाचें धोरण झाली. म्हणजे एकतंत्र शिकूं शकतें, आणि शिकलें तर फार मोठ्या प्रमाणावर शिकतें. पण त्या शिकण्याची किंमत किती? माओ १९७६ सालीं मरेपर्यंत वाट पाहावी लागली, आणि धडा देणाऱ्या शेतकऱ्यांस आधीं आपल्या मुलाबाळांची व्यवस्था लावावी लागली. चपळाई राज्यकर्त्याची दिसते. जोखीम मात्र खालच्याची असते.

आपल्याकडे हें प्रथम कोणाच्या ध्यानांत आलें म्हणाल, तर लोकहितवादींचें नांव घ्यावें लागेल. १८४८ ते १८५० या काळांत 'प्रभाकर' पत्रांतून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शतपत्रांत, या देशासही लोकांच्या प्रतिनिधींचें पार्लमेंट पाहिजे, असा विचार मांडलेला आढळतो. तो लिहिणारे गोपाळ हरि देशमुख त्या वेळीं सरकारी चाकरींत होते व टोपण नांवानें लिहीत होते. अमात्यांनीं राजाचें तोंड घेतलें, देशमुखांनीं टोपण नांव घेतलें. दोघांच्याही वेळीं उघड्या नांवानें बोलणें सोपें नव्हतें. फरक असा कीं, अमात्य अंकुश प्रधानाच्या हातीं देऊं पाहतात, तर लोकहितवादी तो लोकांच्या हातीं मागतात.

तो अंकुश आज आपल्या हातीं आहे. मग धोरणें शहाणपणानें बदलतात काय? या प्रश्नाचें उत्तर नाशिक जिल्ह्याइतकें दुसरीकडे क्वचितच स्पष्ट मिळेल. निफाड तालुक्यांतील लासलगांवची बाजार समिति १९४७ पासून चालू आहे, आणि तेथील कांद्याचा भाव दिल्लीच्या मंत्रिमंडळास झोंप लागूं देत नाहीं. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसविला. जिल्ह्यांतील लिलाव बंद पडले. ऑक्टोबरांत टनास ८०० डॉलर ही किमान निर्यात किंमत आली, ८ डिसेंबरास निर्यात साफ बंद झाली, आणि मार्च २०२४ मध्यें ती बंदी पुढें वाढविण्यांत आली. ४ मे रोजीं बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान किंमत व ४० टक्के कर राहिला. १३ सप्टेंबरास किमान किंमत गेली व कर निम्मा झाला. १ एप्रिल २०२५ पासून तोही गेला. वीस महिन्यांच्या आंत इतकीं वळणें! चपळाई हाच गुण असेल, तर कांद्याच्या बाबतींत आपली लोकशाही कोणत्याही सुलतानास हार जाणार नाहीं.

पण ही चपळाई कोणाच्या उपयोगी पडली? उन्हाळ कांदा चाळींत चार-सहा महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाहीं, तो काढला कीं विकावाच लागतो. डिसेंबरांतील बंदी नेमकी त्या लाल कांद्याच्या हंगामांत आली. रोप टाकतांना शेतकऱ्यानें जें गणित केलें होतें, तें काढणीच्या वेळीं एका अधिसूचनेनें पुसलें गेलें. शहरांतील गिऱ्हाइकाची तक्रारही खोटी नाहीं. पगारदार घराची चूल कांद्यावांचून चालत नाहीं, आणि १९९८ सालीं दिल्लींत महाग कांद्यानें सत्ताधारी पक्षास कसा फटका दिला, हें कोणताही पुढारी विसरलेला नाहीं. पण आरमाराची गरज खरी असूनही आंब्याच्या धन्यास विचारावें, असें अमात्य सांगतात. येथें कांद्याच्या धन्यास कोणी विचारलें नाहीं. मोलही दिलें नाहीं. स्वस्ताईची सगळी किंमत त्याच्या एकट्याच्या खात्यावर मांडली गेली.

पुढें २० मे २०२४ रोजीं लोकसभेचें मतदान झालें. दिंडोरींत केंद्रांतील राज्यमंत्री भारती पवार यांचा, आणि नाशकांत विद्यमान खासदार हेमंत गोडसे यांचा पराभव झाला. पराभवास कारणें अनेक असतात. पण कांदा हें त्यांतलें एक होतें, हें सत्ताधारी आघाडीच्या पुढाऱ्यांनींही बोलून दाखविलें. कर निम्मा झाला तो विधानसभेच्या निवडणुकीपूर्वीं दोन महिने. मतदाराचा अंकुश लागला, यांत संशय नाहीं. आणि तो रक्तपातावांचून, कोणालाही पन्हाळ्यावर कोंडल्यावांचून लागला, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि अंकुश टोंचल्यावर हत्ती वळला, म्हणजे तो शहाणा झाला असें होत नाहीं. पुढच्या वर्षीं भाव चढला कीं तोच हत्ती पुन्हां त्याच शेतांत शिरणार नाहीं, याची हमी देणारा एकही लेखी नियम या सर्व उलथापालथींतून निघाला नाहीं.

लोकशाहीस असा नियम करितां येत नाहीं काय? येतो, आणि तो महाराष्ट्रानेंच करून दाखविला आहे. १९६५ सालीं वि. स. पागे यांनीं तासगांव तालुक्यांत, मागेल त्यास काम देण्याचा लहानसा प्रयोग केला. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हां राज्यभर कामें निघालीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें त्या कामांवर होतीं. विरोधी पक्ष मोर्चे काढीत होते, वर्तमानपत्रें उणींदुणीं छापीत होतीं, आमदार आपापल्या तालुक्यांसाठीं भांडत होते. ज्यास आपण कटकट म्हणतों तीच कटकट येथें उपयोगी पडली, कारण कोठें काम नाहीं व कोठें धान्य नाहीं हें तिच्यामुळें लपून राहिलें नाहीं. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. दुष्काळ सरल्यावर धडा विसरला गेला नाहीं. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, खर्चासाठीं शहरांतील नोकरदार-व्यावसायिकांवर कर बसला, आणि २००५ सालीं देशभराच्या कायद्यास हाच नमुना झाला. १९७२ पासून १९७७ पर्यंत पांच वर्षें लागलीं. एखाद्या खमक्या माणसानें हें काम एका रात्रींत केलें असतें. पण एका रात्रींत दिलेलें दुसऱ्या रात्रींत काढूनही घेतां येतें. कायद्यानें दिलेलें काढून घ्यावयाचें, तर निदान उघड्यावर, कारण सांगून, विरोधकांचें ऐकून काढावें लागतें.

तरीही लोकशाहीचें दार सर्वांस सारखें जवळ नाहीं, हें नाशिकनेंच दाखविलें आहे. ६ मार्च २०१८ रोजीं हजारों शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशकाहून पायीं निघाले व सुमारें १८० किलोमीटर चालून १२ तारखेस मुंबईस पोहोंचले. शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्यांस त्रास होऊं नये म्हणून शेवटची मजल त्यांनीं रात्रीं चालून काढली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें जें देऊं केलें होतें, तें प्रत्यक्ष द्या, ही त्यांची मुख्य मागणी होती. सरकारनें लेखी आश्वासन दिलें. फेब्रुवारी २०१९ मध्यें पुन्हां मोर्चा निघाला, पुन्हां लेखी आश्वासन मिळालें. मार्च २०२३ मध्यें दिंडोरीहून तिसऱ्यांदा लोक चालूं लागले. सुरगाणा-पेठच्या माणसास आपलें गाऱ्हाणें स्वतःच्या नांवानें मांडतां आलें, त्यासाठीं कोणी त्यास पेंगप्रमाणें दंडिलें नाहीं, हें या राज्यपद्धतीच्या बाजूचें. एकच गोष्ट सांगण्यास त्यास तीनदां घर सोडावें लागलें, हें विरुद्ध बाजूचें.

तेव्हां धोरण किती लवकर बदलतें, ही राज्यपद्धतीची कसोटी आम्हांस अपुरी वाटते. वतनें लवकर दिलीं गेलीं, कांद्याचा कर लवकर बसला व लवकर उठला; वेग सर्वत्र होता. पाहावयाचें तें हें कीं, चूक ज्याच्या अंगावर पडते त्यास ती मोठ्यानें सांगतां येते काय, आणि एकदां सांगितलेली चूक कोठें लिहून ठेविली जाते काय. पहिल्या प्रश्नास एकतंत्राजवळ उत्तर नाहीं. असलेंच तर तें धन्याच्या मर्जीचें असतें. दुसऱ्या प्रश्नास लोकशाहीजवळ उत्तर आहे, पण तें ती आपण होऊन देत नाहीं; तिच्याकडून तें काढून घ्यावें लागतें, आणि तें काम मतपेटीपाशीं संपत नाहीं.

आज्ञापत्र हा ग्रंथ म्हणूनच प्रत्येक घरीं पुन्हां वाचला जावा, असें आम्हांस वाटतें. राज्य कसें चालवावें हें त्याच्या कर्त्यास ठाऊक होतें. चुकलेलें राज्य मार्गावर आणावयाचें कोणी, एवढेंच त्याच्या काळांत त्यास लिहितां आलें नाहीं. खमक्या माणसाची वाट पाहणाऱ्या वाचकानें त्यांतील आंब्याच्या झाडांचा मजकूर वाचावा, नंतर गडाच्या दरवाजांचा वाचावा, आणि मग लासलगांवच्या बाजारांत एक सकाळ उभें राहून कांद्याच्या धन्यास विचारावें कीं, रोप टाकतेवेळीं त्यास काय सांगण्यांत आलें होतें.